भिंत सुकेपर्यंत

१४ जानेवारी

ढब्बू,

प्रिय वगैरे लिहिलेलं नाही, मुद्दामच. तीन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस आणि मी आपली प्रिय लिहीत बसू होय? पत्र अशासाठी की तू ते फाडलंस तरी तुझी बायको तुकडे जुळवून वाचेल. तिला माझ्यासारखंच राहवत नाही.

आमचं संग्रहालय बंद झालं. कायमचं नव्हे, तेव्हा लगेच खूश होऊ नकोस. जुन्या इमारतीचं काचेचं छत इतकं गळायला लागलं होतं की मधल्या दालनात चित्रं कमी आणि बादल्या जास्त अशी गत होती. आता छत नवं, वायरिंग नवं, आणि मागच्या मोकळ्या जागेत एक अख्खी नवी इमारत. ती जुनीला जोडायची. जोडावर एक उंच दालन, आणि त्या दालनाच्या मुख्य भिंतीवर 'खिडकीपाशी बसलेली बाई'. दुसरं काही नाही, एकटी तीच.

हो, तेच चित्र. आईचं.

भिंती रिकाम्या करताना माझ्या नाकी नऊ आले. छताच्या गळतीने बऱ्याच चित्रांचा रंग सुटायला लागला होता. रंगाचे पोपडे वाटेत पडू नयेत म्हणून अशा जागी आधी पातळ कागद चिकटवतात, मग पेटीत घालून स्क्रू आवळतात. एवढं सगळं माझ्या खात्यातल्या दोन पोरींना घेऊन मी उरकलं. पेट्या आता वखारीत आहेत. एकदा बंद केलेली पेटी नव्या दालनात जाईपर्यंत उघडायची नाही, आणि नव्या दालनाची भिंत आतून सुकल्याशिवाय पेटी तिकडे न्यायची नाही. हा नियम मीच लिहिला आणि संचालकांच्या दारावर मीच डकवला. ते जाता-येता त्याच्याकडे बघून तोंड वाकडं करतात.

जूनमध्ये उघडायचं म्हणतात. तू यावंस असं मी म्हणत नाही. मी फक्त कळवतेय.

आई बरी आहे. डोळ्यांचं जरासं चालू आहे, वयच झालं आता.

ताई


२ मार्च

ढब्बू,

उत्तर आलं नाही, येणार नव्हतंच. पण मला गप्प बसवत नाही.

'जरासं' लिहिलं होतं ते खोटं. आईने दम भरला होता, "त्याला कळवलंस तर याद राख." म्हणून मी थोडं कळवलं, थोडं गिळलं. आता पुरतं ऐक. तिच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग जातोय. कडेकडेचं दिसतं, मधलं पुसट होत चाललंय. समोर माणूस बसला तर तिला त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनांनी थोडं लांबवता येईल, थांबवता येणार नाही. उन्हाळा निघेल म्हणाले. पुढचं काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

आईने बाहेर येऊन पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तुझं ते दालन कधी उघडतंय?"

तुला एक गोष्ट ठाऊक नसेल. मलाही त्या दिवशी रिक्षात कळली. तिने ते चित्र पुरं झालेलं कधी पाहिलेलंच नाही. चित्रकार काम करताना तिला बघू द्यायचा नाही, उठली की कापड टाकायचा. पुढे लग्न झालं. बाबा आपल्याला रविवारी संग्रहालयात नेत, त्या बाकावर बसवून बिस्किटं देत आणि स्वतः बघत बसत, आठवतं ना? तू भुणभुण लावायचास, "आणखी किती वेळ हीच बाई?" ती बाई म्हणजे आई, हे बाबांना माहीत होतं. आपल्याला नव्हतं. आई तेव्हा घरीच राहायची. "आठवड्यातून एकदा घर रिकामं मिळत होतं, ते सोडून मी स्वतःलाच बघायला येऊ?" म्हणाली.

बाबा गेल्यावर तिने आपल्याला सांगितलं, मग तिच्या संमतीने आम्ही चित्राखाली तिचं नाव लावलं, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा ते बघायला आली. पायऱ्यांपर्यंत आली. तिथे तू ती बातमी छापलेलं वर्तमानपत्र हातात घेऊन उभा. "उघड्या खांद्याने परक्या माणसापुढे बसलीस ते बसलीस, आता नावाची पाटीही लावलीस? तुला लाज कशी वाटली नाही?" चारचौघांत. माझे संचालक, त्यांची बायको, पहारेकरी, सगळे ऐकत होते. ती तिथूनच मागे फिरली.

नंतर मी तिला शंभरदा म्हटलं, चल, मी आहे ना. तिचं एकच. "दोघं बरोबर असाल तेव्हा."

तिला तुझ्याबद्दल राग नाही. मला आहे. भरपूर आहे.

ताई


११ एप्रिल

ढब्बू,

जून गेला. म्हणजे यायचाच आहे, पण कामातून गेला. भिंत ओली आहे.

बघायला अगदी सुंदर, पांढरीशुभ्र, उंच. कंत्राटदार तिच्यावर थाप मारून म्हणतो, "बाई, हात लावून बघा, खडखडीत आहे." मी ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया टोचल्या आणि त्याला आकडा दाखवला. वरून सुकलीय, आत पाणी आहे. अशा भिंतीवर जुना कॅनव्हास टांगला की तो पाठीमागून ओल पितो, फुगतो, आणि आधीच सुटलेला रंग झडतो. मी चांगली तासभर भांडले. शेवटी ओल ओढणारी यंत्रं आणली, ती आता दिवसभर घरघरतात. उद्घाटन शरदावर गेलं.

मी रोज भिंत मोजते. खरं सांगायचं तर दिवसातून चार-पाचदा मोजते. माझ्या पोरी हसतात, "बाई, तिला ताप आलाय का?" घरी गेले की आईचे डोळे बघते. एकीकडे ओल हटत नाही, दुसरीकडे नजर थांबत नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही रे. जेवताना उठते, झोपून उठते, कपाट आवरायला काढते आणि तसंच टाकते.

परवा आईने मला शेजारीण समजून माझीच चुगली माझ्यापाशी केली. "आमची मोठी चांगली आहे हो, पण घरातसुद्धा हेडमास्तरीणच. भाजीत मीठ टाकायचं तरी तिला विचारून." मी दहा मिनिटं शेजारीण होऊन ऐकून घेतलं. शेवटी मला शिंक आली आणि तिने ओळखलं. दोघी हसलो. मग ती हसता हसता एकदम थांबली.

मंगळवारी संचालक एका बड्या पाहुण्याला घेऊन वखारीत आले. "पाच मिनिटं पेटी उघडा, 'बसलेली बाई' दाखवायचीय." मी म्हटलं, पेटी उघडणार नाही. ते म्हणाले, मी संचालक आहे. मी म्हटलं, असा, पेटी तरीही बंदच राहील. पाहुण्यासमोर त्यांचा चेहरा असा पडला की मला मनातून बरं वाटलं.

घरी येऊन हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर केलंस." मग जरा वेळाने, "मलासुद्धा नाही ना उघडणार?"



ताई


२० एप्रिल

ढब्बू,

वखारीत विशेष काही घडलेलं नाही. हवा चांगली आहे.

वरचं वाक्य खोडायचं होतं, राहू दे. काय झालं ते सांगते. तुला नाही तर कुणाला सांगू? इथे ज्याला सांगेन तो मला कामावरून काढेल.

मी पेटी उघडली. रविवारी, भर दुपारी, पहारेकऱ्याला सांगितलं तपासणी आहे. तुझी वाट बघायची नाही असं आईचं मीच मन वळवलं होतं. म्हटलं, तो येईल तेव्हा येईल, डोळे थांबणार नाहीत. शेवटी म्हणाली, "चल तर." केस विंचरले, चांगले बूट घातले. सबंध वाट माझा दंड धरून होती.

मी सगळी तयारी केली होती. खुर्ची नेली. दिवा नेला, तिला कडेने दिसतं म्हणून तो डावीकडून ठेवला. हातमोजे घातले. हवेतली ओल मोजली, पेटीतली मोजली. एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवला. झाकण काढलं, फोम बाजूला केला, चित्र उभं केलं, मागे सरकले आणि कपाळाला हात लावला.

तोंडावर कागद!

मीच लावलेला. हनुवटीपासून कपाळापर्यंत, कारण गळतीने तिथलाच रंग सगळ्यात जास्त सुटला होता. पांढरा, अपारदर्शक, सरसाने घट्ट बसलेला. त्याच्या मागे काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ढब्बू, तो कागद माझ्या डोक्यातच नव्हता. ओल होती, स्क्रू होते, नियम मोडल्याची भीती होती. मी तीस वर्षं चित्रांच्या पाठी बघून त्यांना बरं करते, समोरून कोण बघतंय याचा विचारच आमच्या सवयीत नाही. डोळे मिटले की मला ते चित्र स्वच्छ दिसतं, म्हणून मला वाटलं ते तसंच असणार.

आईने मान तिरकी केली, या कडेने पाहिलं, त्या कडेने पाहिलं. "खिडकी दिसतेय. हात दिसतोय. तोंड काही दिसत नाही. हे माझ्या डोळ्यांचं की त्याचं?"

"त्याचं आई. मी कागद लावलाय."

"मग काढ की."

काढता येत नव्हता. तो ओलावून, कापसाच्या बोळ्याने, नखाएवढा नखाएवढा काढायचा असतो, त्याला दिवस लागतात, आणि घाईत ओढला तर कागदाबरोबर तोंड येईल. मी हे तिला सांगता सांगता रडायला लागले. या वयात, हातमोजे घालून, नाकसुद्धा पुसता येईना.

तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "हात बघ किती रिकामे आहेत." चित्रातले, मांडीवरचे. "मी तिथे का बसायचे माहितेय? तिथे कुणी काही काम सांगायचं नाही. घरात सात माणसांचं माझ्यावर पडलेलं. तिथे नुसतं बसायचं. जन्मात पहिल्यांदा नुसती बसले. तेवढ्यासाठी खांदा उघडा ठेवायला लागला तर लागला." आणि उठताना म्हणाली, "हे त्याला सांग."

सांगितलं.

ताई


५ जून

ढब्बू,

पहारेकऱ्याने सांगितलं, संचालकांना कळलं. मला बोलावून घेतलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी चहा मागवला! तेव्हाच ओळखलं, यांना काहीतरी हवंय.

"तुमच्या आईंसाठी उघडलीत, मी समजू शकतो," म्हणाले. "आता तुम्हीही समजून घ्या. मला उद्घाटन जुलैत हवंय. तुम्ही भिंत कोरडी असल्याची सही द्या, मी पेटीचं विसरतो. आणि खरं तर यात तुमचाच फायदा आहे. तुमच्या आईंना वेळेत बघायला मिळेल."

बघ कसा नेमका नेम धरला. मी तीन दिवसांची मुदत मागितली. तीन दिवस मी माणसात नव्हते. जुलैत उघडलं तर आईला दिसेल, थोडं का होईना, कडेने का होईना. आणि भिंत? भिंत काय, लगेच थोडीच रंग झडतो. एक-दोन वर्षं काढेल. तोवर मी निवृत्त. कुणाला कळणार आहे? मी पेन उघडून सही करायला बसलेही होते.

आईला विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण माझ्या तोंडावर लिहिलेलं तिला दिसत नसलं तरी पावलांवरून कळतं. "काय येरझाऱ्या घालतेस? बस आणि बोल." मी बोलले.

"ओली आहे का भिंत?"

"आहे."

"मग कशाला? मला एकदा दिसावं म्हणून ते कायमचं खराब करायचं? मी एकटीने बघायला नाही काढलेलं ते." आणि वर, "तुझ्या संचालकाला सांग, म्हातारीला घाई नाही."

घाई नाही म्हणाली आणि रात्रभर कूस बदलत राहिली, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं.

सही केली नाही. पेटी उघडल्याचं स्वतःच लिहून दिलं. मला बढतीच्या यादीतून काढलं, त्याचं काही नाही, यादीत मी एकटीच होते. उद्घाटन ऑक्टोबरच्या शेवटी.

मला तुझी फार गरज आहे रे. झालं, लिहिलं.

ताई


३० ऑगस्ट

ढब्बू,

गेली तिची नजर. उजेड आणि सावली कळते, खिडकी कुठेय ते कळतं. बाकी नाही. घाबरून धावत येऊ नकोस, ती धडधाकट आहे, जेवते, रेडिओशी भांडते. मीच खचलेय. सही केली असती तर तिने पाहिलं असतं, हे मला बशी धुतानासुद्धा आठवतं.

भिंत दोन आठवड्यांपूर्वी सुकली. यंत्राचा आकडा बघून मी तिथेच खाली बसले. कंत्राटदाराला वाटलं आनंदाने.

पेटी दालनात आली, आणि मी कागद काढायला घेतला. रोज थोडा. काल शेवटचा तुकडा निघाला, हनुवटीचा. रंग शाबूत आहे. घरी येऊन आईला सांगितलं, "आई, तू पूर्ण मोकळी झालीस."

"कशी दिसतेय मी?"

मी म्हटलं, गालावर बारीक भेगा आहेत पण स्थिर आहेत, कपाळाजवळ वॉर्निश पिवळं पडलंय, डाव्या भुवईत जुन्या दुरुस्तीचा रंग थोडा वेगळा दिसतो.

"अगं, कशी दिसतेय? हसतेय, रुसलेय, कंटाळलेय, काय करतेय?"

आणि मला सांगता येईना, ढब्बू. खरंच येईना. मी पुन्हा जाऊन पाहिलं, पुन्हा भेगाच दिसल्या. तिने हात झटकला. "तुझं नको. तू डॉक्टर. ढब्बूला बोलाव. त्याला लहानपणापासून ती बाई आवडत नाही, तो खरं सांगेल."

मी माझ्यासाठी बोलावत नाहीये. तिने बोलावलंय. तुला त्या चित्राकडे बघवत नाही हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. तरी तिने तुलाच निवडलं. याउपर तुझी मर्जी.

ताई


२ नोव्हेंबर

प्रिय ढब्बू,

गाडीत जागा मिळाली का? पोचल्याचं तुझ्या बायकोने कळवलं, तू कळवलं नाहीस. तुझा मफलर इथे राहिलाय.

उद्घाटनाच्या दिवशी मी तुला नीट भेटलेच नाही. दालनात चारशे माणसं, प्रत्येकाचा श्वास म्हणजे ओल, माझं लक्ष आकड्यांवर. एकदम गर्दीतून तू दिसलास, केस पांढरे, कोट घट्ट, आणि माझ्या तोंडून काय निघालं तर "बॅग बाहेर ठेव." इतक्या वर्षांनी हेच सुचलं मला! तू निमूटपणे ठेवूनही आलास.

तू आईच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसलास. आधी बराच वेळ खाली मान घालून होतास. मला वाटलं, हा काही बघत नाही, असाच उठून जाणार. आईने तुझा हात धरला नव्हता, ओढलं नव्हतं, ती नुसती बसली होती. मग तू मान वर केलीस. आणि बघतच राहिलास. लोक तुमच्यापुढून जात होते, तू हाताने त्यांना बाजूला करत होतास. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागलास. किती बोललास! तू इतकं बोलू शकतोस हे मला माहीत नव्हतं. ती आधी मान हलवत होती, मग हसली, मग तिने रुमाल काढला आणि तो तिच्याऐवजी तुझ्याच तोंडावरून फिरवला.

मी सुयांचं यंत्र हातात धरून भिंतीपाशी उभी होते. चार पावलांवर. एक अक्षर ऐकू आलं नाही.

घरी आल्यापासून ती वेगळीच आहे. झोपते चांगली. येरझाऱ्या मीच घालते. तिला विचारलं, काय म्हणाला गं तो? "तुझ्या कामाचं नाही," म्हणते. काल पुन्हा विचारलं, तर चक्क गाणं गुणगुणायला लागली. आज मी कामावर लवकर गेले, दालनात कुणी नव्हतं, यंत्र खिशातच ठेवलं आणि त्या चित्रासमोर बाकावर बसले. फार वेळ बसले. भेगा दिसल्या, वॉर्निश दिसलं, भुवई दिसली. मग आणखीही काहीतरी दिसल्यासारखं वाटलं, पण तू सांगितलंस ते हेच का, कळायला मार्ग नाही.

तू तिला काय सांगितलंस रे? लिही. नाहीतर फोन कर. मी उचलेन, एका घंटीत उचलेन.

ताई